वजन घटवणारी शस्त्रक्रिया आणि पित्ताशयातील खडे

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे आता बरेच बोलले जाते. कोणाचे किती किलो उतरले, मधुमेहाच्या गोळ्या किती कमी झाल्या, गुडघे कसे दुखेनासे झाले, याच्या हकिकती नातलगांत आणि कार्यालयांत चवीने सांगितल्या जातात. त्या बहुतांशी खऱ्याही असतात. मात्र या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पोटातील एक छोटासा अवयव पुष्कळांना त्रास देऊ शकतो, याची कल्पना रुग्णाला आणि घरच्यांना अनेकदा नसते. तो अवयव म्हणजे पित्ताशय. वजन जितक्या झपाट्याने उतरते, तितकी पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. असे खडे होऊ नयेत म्हणून काय करता येते, झाले तर काय करावे आणि वजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच पित्ताशय काढून टाकणे शहाणपणाचे ठरते का, या प्रश्नांचा विचार शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी व्हावयास हवा. नंतर काही वाटा बंद होतात आणि मग उपचार अधिक बिकट, अधिक खर्चिक होतात.

पित्त म्हणजे अॅसिडिटी नव्हे

प्रथम शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. ‘मला पित्त झाले आहे’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात जठरातील आम्ल असते. अंगावर गांधी उठल्या तरी आपण ‘पित्त उठले’ असेच म्हणतो. आयुर्वेदातील पित्तदोष ही आणखी निराळी संकल्पना. या लेखात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पित्तरस, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. हा खुलासा केवळ भाषेच्या काटेकोरपणासाठी नाही. पित्ताशयाची कळ पोटाच्या वरच्या भागात येते. रुग्ण तिला ‘पित्ताचा त्रास’ म्हणतो, औषधाच्या दुकानातून आम्लनाशक गोळ्या आणतो आणि महिनोन्महिने त्यावरच काढतो. शब्द बरोबर असतो, रोग मात्र भलताच समजला जातो.

यकृत दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. जेवणाच्या मधल्या वेळेत त्यातला बराचसा यकृताच्या खालच्या बाजूस चिकटलेल्या, पेरूच्या आकाराच्या पिशवीत साठतो. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो, पण तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन तो दाट होतो. आपण काही स्निग्ध पदार्थ खाल्ला आणि तो जठरातून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरला, की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. १९२८ साली शोध लागलेल्या या संप्रेरकाचे काम त्याच्या नावातच आहे. ते पित्ताशयाला हलवते. पित्ताशय आकुंचन पावते, दाट पित्त नळीवाटे आतड्यात येते आणि स्निग्ध पदार्थांचे पचन सुरू होते. दिवसातून दोन-तीनदा अशी पिशवी रिकामी होत राहणे हेच तिचे आरोग्य.

वजन उतरताना काय बिघडते

पित्तामध्ये कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तातील क्षार आणि लेसिथिन यांच्या मदतीने ते कसेबसे द्रवरूपात राहते. साखरेचा पाक करताना साखर प्रमाणाबाहेर गेली आणि पाक न ढवळता तसाच ठेवला, तर तळाशी दाणे बसतात. पित्ताशयातील खड्यांची कथा फारशी वेगळी नाही. शरीरातील चरबीच्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉलचा मोठा साठा असतो. चरबी वेगाने वितळू लागली की हा साठा मोकळा होतो, यकृताकडे येतो आणि यकृत तो पित्तात टाकून देते. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि ते विरघळवून ठेवणारे घटक तितकेच किंवा कमी, अशी स्थिती निर्माण होते. त्याच काळात पित्ताशयाच्या अस्तरातून एक चिकट पदार्थ अधिक प्रमाणात स्रवू लागतो आणि कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांना एकत्र यायला जणू आधार मिळतो.

दुसरा भाग ढवळण्याचा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे रुग्ण पातळ पदार्थांवर असतो. जेवण वाटीभर आणि त्यात स्निग्धांश नाममात्र. पित्ताशयाला आकुंचन पावण्याची आज्ञाच मिळत नाही. बायपास प्रकारच्या शस्त्रक्रियेत तर अन्न ड्युओडेनमला वळसा घालून थेट पुढच्या आतड्यात जाते, त्यामुळे तेथून मिळणारा संप्रेरकाचा इशाराही क्षीण होतो. पित्त साचून राहते. आधी गाळ जमतो, मग वाळूसारखे कण होतात आणि काही महिन्यांत खडे.

हे प्रमाण किती? अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी खडे नसलेल्या ज्या रुग्णांवर गॅस्ट्रिक बायपास करण्यात आला होता, त्यांची ठरावीक अंतराने सोनोग्राफी करण्यात आली. सहा महिन्यांच्या आत ३६ टक्के रुग्णांत खडे आणि आणखी १३ टक्के रुग्णांत गाळ आढळला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांच्या पित्ताशयात काही ना काही घडले होते. यातून एक गोष्ट मात्र ओघाने येत नाही, ती म्हणजे या सर्वांना त्रास झाला असे नव्हे. पुष्कळांचे खडे निमूट बसून राहतात. नंतरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार बायपासनंतर पुढे पित्ताशय काढावे लागलेल्या रुग्णांचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. छत्तीस आणि सात या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात ठेवावे; पुढचा सगळा वाद या अंतराभोवतीच फिरतो.

आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरू लागले की धोका ठळकपणे वाढतो, असे सामान्यतः मानले जाते. तो केवळ शस्त्रक्रियेपुरता नाही. दिवसाला ८०० उष्मांकांच्या आत राहणारे कडक आहार, दीर्घ उपवास यांमुळेही असे खडे होतात. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारख्या इंजेक्शनांनी २०२५ पासून भारतातही वजन घटवण्याच्या उपचारात मोठी जागा मिळवली आहे. सेमाग्लुटाइडच्या गटातील औषधांच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पित्ताशयाच्या व पित्तनलिकेच्या विकारांची जोखीम वाढलेली दिसली, आणि मात्रा जास्त व वापर वजन घटवण्यासाठी असेल तर ती वाढ अधिक होती. शस्त्रक्रिया टाळली म्हणून पित्ताशयाचा प्रश्न टळला, असे समजण्याचे कारण नाही.

स्थूलता हे स्वतःच खडे होण्याचे एक कारण आहे, हेही विसरता येत नाही. स्त्री, चाळिशीच्या आसपासचे वय, अधिक वजन आणि अनेक बाळंतपणे ही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाणारी जुनी चौकट वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या पुष्कळ रुग्णांना तंतोतंत लागू पडते. त्यामुळे काहींच्या पित्ताशयात खडे आधीपासूनच असतात.

कळ ओळखणे

पित्ताशयाची कळ बहुधा जेवणानंतर, विशेषतः तळकट खाल्ल्यावर किंवा मध्यरात्री येते. उजव्या बरगड्यांच्या खाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखू लागते. वेदना पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. ती अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते, सोबत मळमळ वा उलटी होते आणि मग ती जशी आली तशी ओसरते. ओसरते म्हणूनच रुग्ण निर्धास्त होतो. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून बाजूला सरकला, एवढाच त्याचा अर्थ. तो अडकूनच राहिला तर वेदना सहा तासांपेक्षा जास्त टिकते, ताप येतो, पोटाला हात लावू देववत नाही. ही पित्ताशयाच्या दाहाची लक्षणे असून त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. खडा घरंगळत मुख्य पित्तनलिकेत उतरला तर डोळे व लघवी पिवळी होते, अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग फिका पडतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटदुखी ही तिन्ही एकत्र आली, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते आणि एक दिवसही दवडता येत नाही. नलिकेच्या तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही उघडते. तेथे खडा अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. हा त्रास क्वचित प्राणघातक ठरतो.

वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात या निदानाला एक वेगळीच अडचण असते. पोटात दुखण्याची त्याच्याकडे इतरही कारणे असतात. एकदम जास्त खाल्ल्याने होणारी अस्वस्थता, गोड खाल्ल्यावर येणारे डम्पिंग, जठर व आतड्याच्या जोडावर होणारा व्रण, ही त्यांपैकी काही. बायपासच्या रुग्णात सर्वांत भीतीदायक कारण म्हणजे आतल्या आत होणारा हर्निया. आतड्याची नवी जोडणी करताना त्याच्या पडद्यांत फटी राहतात. वजन उतरल्यावर पडद्यांतील चरबीही झडते, फटी रुंदावतात आणि आतड्याचे वेटोळे त्यात शिरून पिळवटू शकते. अशा वेळी सोनोग्राफीत खडे दिसले आणि सगळा दोष त्यांच्या माथी मारला, तर खरा आजार हातातून निसटतो. म्हणून बायपास झालेल्या रुग्णाला तीव्र पोटदुखी झाली, तर केवळ सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅनची आणि या शस्त्रक्रियांची जाण असलेल्या शल्यविशारदाची गरज असते.

सोनोग्राफी ही पित्ताशयातील खड्यांसाठी मात्र उत्तम तपासणी आहे. साधारण पंचाण्णव टक्क्यांहून अधिक खडे तीत दिसतात. मुख्य नलिकेतील खडे ती इतक्या भरवशाने दाखवत नाही. त्यासाठी यकृताच्या रक्ततपासण्या आणि आवश्यक वाटल्यास एमआरसीपी हा चुंबकीय स्कॅन करतात. फार स्थूल व्यक्तीत चरबीच्या जाड थरामुळे सोनोग्राफी तितकीशी स्पष्ट येत नाही, ही या तपासणीची मर्यादा. शस्त्रक्रियेपूर्वी ‘खडे नाहीत’ असा अहवाल असलेल्या रुग्णाला नंतर खडे सापडले, तर ते नवेच असतील असे खात्रीने सांगता येत नाही.

आधीच काढून टाकावे का?

हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. पोट उघडायचेच आहे, तर पित्ताशयही त्याच वेळी काढले म्हणजे पुढची कटकट नको, असा हा हिशेब. एके काळी शल्यविशारदांचाही हिशेब असाच होता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. तेव्हापासून पुढची सुमारे तीन दशके ही शस्त्रक्रिया पोटावर लांब छेद घेऊन केली जात असे. त्या छेदातून पित्ताशय काढणे सोपे होते आणि दुसऱ्यांदा पोट उघडणे मोठ्या जिकिरीचे होते. त्यामुळे अनेक ठिकाणी खडे असोत वा नसोत, पित्ताशय काढण्याचा प्रघात पडला. १९९० च्या दशकात बायपास दुर्बिणीतून होऊ लागला आणि समीकरण उलटले. जठरावर काम करण्यासाठी पोटाला जी छिद्रे पाडतात, ती पित्ताशयासाठी सोयीच्या जागी नसतात. स्थूल रुग्णाचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि त्याखालचे पित्ताशय नीट दिसत नाही. शस्त्रक्रियेचा वेळ वाढतो आणि गुंतागुंतही किंचित वाढते. उलट वर्षभराने, तीस-चाळीस किलो वजन उतरल्यावर तेच पित्ताशय दुर्बिणीतून काढणे तुलनेने सुलभ असते.

त्यामुळे आज बहुतेक तज्ज्ञ तीन प्रकारच्या रुग्णांत फरक करतात. ज्यांना खडे आहेत आणि त्यांचा त्रासही होतो, त्यांचे पित्ताशय वजनाच्या शस्त्रक्रियेबरोबर किंवा त्याआधी काढावे, याविषयी फारसे दुमत नाही. ज्यांना खडेच नाहीत, त्यांचे निरोगी पित्ताशय काढू नये, हे मतही आता बरेच स्थिरावले आहे. शंभरांतील सात जणांसाठी उरलेल्या त्र्याण्णवांचा अवयव काढण्यात काही तथ्य नाही. खरा वाद मधल्या गटाचा आहे. खडे आहेत पण कधी दुखलेले नाही, अशा रुग्णांत काही शल्यविशारद ते त्याच वेळी काढतात, काही थांबून पाहतात. रुग्णाचे वय, खड्यांचा आकार व संख्या, यकृताची स्थिती आणि मुख्य म्हणजे कोणत्या प्रकारची शस्त्रक्रिया करायची आहे, यांवर हा निर्णय ठरावा.

शस्त्रक्रियेच्या प्रकाराला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी एका नळीचा मार्ग पाहावा लागतो.

बायपासने बंद झालेली वाट

मुख्य पित्तनलिकेत खडा अडकला की त्यावरचा नेहमीचा उपचार म्हणजे ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालतात, ती अन्ननलिका व जठरातून ड्युओडेनममध्ये जाते, तेथे पित्तनलिकेचे तोंड दिसते, ते किंचित रुंद करून खडा ओढून काढतात. पोटाला एकही टाका पडत नाही. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही ही सोय आता उपलब्ध आहे.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून त्याची केळ्यासारखी नळी करतात, पण अन्नाचा मार्ग तोच राहतो. म्हणून स्लीव्हच्या रुग्णात ईआरसीपी नेहमीप्रमाणे करता येते. रू-एन-वाय बायपासमध्ये, सीझर रू या स्विस शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीने, जठराच्या वरच्या टोकाची अंडे मावेल एवढी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि ड्युओडेनम पोटातच असतात, पण अन्नाच्या रस्त्यावरून बाजूला झालेले. तोंडातून गेलेल्या दुर्बिणीला आता आतड्याची लांबच लांब वाट उतरून, जोडापाशी वळून, दुसऱ्या फाट्याने उलटे वर चढावे लागते. नेहमीची दुर्बीण तेथवर पोहोचत नाही. मिनी बायपास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातही ड्युओडेनम असेच बाजूला पडते आणि अडचण जवळपास तीच.

उपाय आहेत, पण प्रत्येकाला काही किंमत आहे. फुगा लावलेली लांब दुर्बीण आतड्यातून पुढे नेता येते. तिला वेळ लागतो आणि ती दरवेळी यशस्वी होत नाही. पोटाला छिद्रे पाडून बाजूला राहिलेल्या जठरात थेट दुर्बीण उतरवण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे, परंतु ती एक शस्त्रक्रियाच असते. अंतर्गत सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने छोटी पिशवी आणि जुने जठर यांमध्ये तात्पुरता धातूचा मार्ग तयार करण्याचे तंत्र अलीकडे विकसित झाले आहे. ते निवडक केंद्रांतच होते. त्वचेतून यकृतात सुई घालून नलिकेपर्यंत जाता येते, किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नलिका उघडून खडा काढता येतो. एरवी तासाभरात सुटणारा प्रश्न अशा रीतीने दोन-तीन विशेषज्ञ आणि मोठे रुग्णालय यांच्या हाती जातो. रात्री अकरा वाजता थंडीतापाने कुडकुडत लहान गावातील रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको.

म्हणूनच ज्यांना आधीपासून खडे आहेत आणि बायपास करायचा आहे, त्यांनी नलिकेत खडा नाही ना, याची खातरजमा करून घ्यावी. असल्यास वाट खुली असताना तो काढून घ्यावा. ज्यांना स्वादुपिंडाची सूज किंवा नलिकेतील खड्यामुळे कावीळ पूर्वी एकदा होऊन गेली आहे, त्यांनी ही गोष्ट शल्यविशारदापासून लपवू नये. शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवताना मधुमेह, आम्लपित्त, वजन यांची चर्चा होते. या यादीत पित्ताशयाचे नाव रुग्णाने स्वतः घालावे.

सहा महिन्यांची गोळी

खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल नावाचे औषध देतात. त्याच्या नावातील ‘अर्सो’ म्हणजे अस्वल. जपानमध्ये १९२७ साली हे आम्ल अस्वलाच्या पित्तातून वेगळे करण्यात आले, आणि त्याआधी कित्येक शतके चिनी वैद्यकात अस्वलाचे पित्त वापरले जात होते. आजचे औषध अस्वलापासून मिळत नाही. ते बहुधा गुरांच्या पित्तातील आम्लावर रासायनिक प्रक्रिया करून तयार होते. काटेकोर शाकाहारी वाचकांनी हा मुद्दा आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. हे आम्ल यकृतातून पित्तात जाणारे कोलेस्टेरॉल कमी करते आणि पित्त पातळ ठेवते.

त्याचा उपयोग १९९५ मधील एका अमेरिकी चाचणीत स्पष्ट दिसला. गॅस्ट्रिक बायपासनंतर सहा महिने औषध न घेतलेल्या, म्हणजे नुसतीच दिखाऊ गोळी दिलेल्या गटात ३२ टक्के रुग्णांना खडे झाले. रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. पुढे नेदरलँड्समध्ये सुमारे हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे मोजमाप सोनोग्राफीतील खड्यांचे नव्हते, प्रत्यक्ष त्रासाचे होते. दोन वर्षांत त्रास झालेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ६.५ टक्के, तर दिखाऊ गोळीच्या गटात ९.७ टक्के होते. पहिल्या चाचणीइतका चमकदार हा आकडा नाही, पण रुग्णाला ज्याची काळजी असते ते यातून अधिक प्रामाणिकपणे कळते. अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्लीव्हनंतर रोज एकदा ५०० मिलिग्रॅम आणि बायपासनंतर दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अशी मात्रा सुचवली आहे. मात्रा अर्थातच आपल्या डॉक्टरांनी ठरवायची.

औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते, कारण खडे होण्याचा मुख्य काळ तोच. अडचण अशी, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पुढ्यात जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, आम्लनाशक अशा गोळ्यांची रांगच असते आणि त्यात ही एक कडवट गोळी. काहींना जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, वजन सर्वाधिक वेगाने उतरत असतानाच, ती सुटते. आधीच झालेल्या, कॅल्शियम साचून टणक बनलेल्या खड्यांवर तिचा उपयोग होत नाही, हेही लक्षात घ्यावे. खडे विरघळवण्याचा दावा करणारे काढे आणि ऑलिव्ह तेल-लिंबूरसाचे प्रयोग यांच्याविषयी एवढेच म्हणता येईल, की त्यानंतर शौचात पडणारे हिरवे गोळे हे बहुधा तेल आणि पचनरस यांपासून आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात.

दोन चमचे तेलाचे काम

आहाराविषयी एक गोष्ट रुग्णांना उलटी वाटते. वजन घटवायचे म्हणून तूप-तेल पूर्ण वर्ज्य करणे पित्ताशयाच्या हिताचे नसते. झपाट्याने वजन उतरण्याच्या काळात आहारात थोडा स्निग्धांश असला, तर पित्ताशय आकुंचन पावते आणि खडे कमी होतात, असे कमी उष्मांकांच्या आहारांच्या अभ्यासात दिसून आले आहे. एका जेवणात सात ते दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दोन चमचे तेल किंवा तूप, पुरेसे असते. आहारतज्ज्ञाने घन आहारास परवानगी दिल्यावर भाजीच्या फोडणीतून एवढे सहज मिळते. जेवण चुकवणे, संकष्टी-एकादशीला दिवसभर काही न खाणे पहिल्या वर्षात टाळावे. खडे आधीच असून दुखत असतील, तर मात्र हा सल्ला लागू नाही. अशा वेळी तळलेले-तुपकट कळ उठवू शकते आणि उपचार आहाराचा नसून शस्त्रक्रियेचा असतो.

तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असे सांगितले जाते. त्याची पोषणविषयक कारणे आहेतच. पण गर्भारपणातही पित्ताशय सुस्तावते आणि खडे होण्याची प्रवृत्ती वाढते, हेही त्यामागे धरावयास हरकत नाही.

पित्ताशय काढल्यावर

खड्यांचा त्रास सुरू झाला, तर नुसते खडे काढून पित्ताशय ठेवता येत नाही का, असे अनेक जण विचारतात. तसे केल्यास खडे पुन्हा होतात; ज्या पिशवीत ते तयार झाले ती तशीच राहते. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा संपूर्ण पित्ताशय काढले ते याच विचाराने. १९८५ मध्ये जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. भारतात तिचा आरंभ मुंबईत झाला, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. आज ही देशात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. पित्तनलिकेला इजा होणे हा तिचा गंभीर धोका हजारात तीन ते पाच जणांना संभवतो, आणि बायपास झालेल्या रुग्णात अशी इजा दुरुस्त करणे अधिक अवघड असते. म्हणून अनुभवी हात शोधावा.

पित्ताशयाविना जगता येते. यकृत पित्त तयार करीत राहते, ते थेंबाथेंबाने सरळ आतड्यात उतरते. काहींना काही आठवडे पातळ शौचास होते, थोड्यांना ते अधिक काळ टिकते व त्यावर औषध मिळते. बायपासमुळे आधीच स्निग्धद्राव्य जीवनसत्त्वांचे शोषण कमी झालेले असते, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची व इतर तपासणी नियमित करावी.

राहता राहिला कागदपत्रांचा प्रश्न. अनेक आरोग्यविम्यांत पित्ताशयातील खड्यांसाठी ठरावीक काळाची प्रतीक्षा असते. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर विमा नवा घेतला वा बदलला, तर खडे होण्याचा काळ आणि प्रतीक्षेचा काळ नेमके एकावर एक येतात. जुनी पॉलिसी सोडण्यापूर्वी ही अट वाचून घ्यावी. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, म्हणजे कोणता प्रकार केला, ड्युओडेनम बाजूला आहे की मार्गावर, पित्ताशय ठेवले की काढले, हे सांगणारा कागद, मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवावा आणि घरातील एका व्यक्तीजवळही द्यावा. दुखणे उठते तेव्हा रुग्णाला स्वतःला हे सांगता येण्याजोगी स्थिती असतेच असे नाही, आणि पोटावरच्या चार-पाच बारीक व्रणांवरून आत कोणती जोडणी केली आहे, हे कोणत्याही डॉक्टरला ओळखता येत नाही.